तडकलेलं अंडं

(दृश्य: पहाट. सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यातली एक वस्ती. पत्र्याचं छप्पर, शेजारी दगडमातीचं खुराडं.)

आक्का खुराड्याच्या तोंडाची फळी सरकवतात. आधी कोंबडा बाहेर पडतो, मग तीन कोंबड्या आणि अजून अंड्यावर न आलेली एक तलंग. चौथी कोंबडी येत नाही. ती खुडूक आहे, फुटक्या घमेल्यात भुश्यावर बसलीय. खाली बारा अंडी. येत्या बुधवारी एकवीस दिवस भरतात.

आज बाजार. आक्का आठवड्याची अंडी पाटीतनं एकेक काढतात, कानाशी धरून हलवतात, उजेडाकडं धरून बघतात. अकरा निघाली. एकाला नखाएवढी भेग पडलीय. ते चुलीपाशी बाजूला ठेवलं जातं.

“हे पोराला,” आक्का म्हणतात. “तडकलेलं कोण घेतंय बाजारात?”

या घरात कोंबड्या आहेत, रोज नाही तरी दिवसाआड अंडी आहेत. घरात खाल्लं जातं ते तडकलेलं.

(दृश्य: आठवडी बाजार. आक्कांची पाटी. पलीकडं पांढऱ्या अंड्यांचे ट्रे.)

गावरान अंड्याला इथं फार्मच्या अंड्याच्या जवळपास दुप्पट भाव मिळतो. पोटात गेल्यावर फरक फार नाही. पन्नास ग्रॅमच्या अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं असतात, कवच पांढरं असो की तांबूस. गावरान अंडं आकारानं बारकंच असतं, म्हणजे प्रथिनंही थोडी कमीच. लोक चवीचे आणि नावाचे पैसे देतात.

मग शहाण्या माणसाचा हिशोब असा: एक गावरान विकावं, दोन पांढरी घ्यावीत, पोराला द्यावीत. हा हिशोब आम्ही कॅमेरा बंद असताना आक्कांना सांगितला. त्यांनी तो नीट ऐकून घेतला.

“दोन अंडी घेतली तर तेल कशानं घेऊ?”

दहा अंडी तासाभरात गेली. त्यातनं तेलाची पिशवी, चहापूड, अर्धा किलो साखर आणि नातवाची दुरेघी वही आली. उसाचं बिल नवऱ्याच्या खात्यावर, दुधाचं बिलही त्याच्याच. अंड्याचं बिल कुणाच्याच खात्यावर नाही. ते आक्कांच्या चंचीत. गरिबाघरची कोंबडी म्हणजे बाईची मोडायला सोपी अशी चिल्लर आहे, आणि चिल्लर घरात राहत नाही.

(दृश्य: विटा परिसर. लांबलचक शेड, तीन मजली पिंजरे, जाळीवरून घरंगळणारी अंडी.)

तासाभराच्या अंतरावर खानापूर तालुक्यात अंड्याची दुसरी दुनिया आहे. विट्याची माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर गेली. मागं राहिलेल्यांनी यंत्रमाग लावले, पोल्ट्र्या बांधल्या. इथली कोंबडी अठरा-वीस आठवड्यांत अंड्यावर येते, बहात्तर आठवड्यांपर्यंत तीनशेच्या वर अंडी देते आणि खुडूक होत नाही. तो गुण पैदाशीतनं काढून टाकलाय. आक्कांची कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, त्यातली काही स्वतःच उबवायला बसते.

फार्मची कोंबडी दिवसाला शंभर-एकशेदहा ग्रॅम खाद्य खाते, मका आणि सोयापेंड. एकूण खर्चातला सर्वात मोठा वाटा खाद्याचाच. २०२१ साली सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेलं तेव्हा सरकारला परदेशातनं सोयापेंड आणू द्यावी लागली. आता मक्याला इथेनॉलवाले गिऱ्हाईक आलेत. दर सकाळी अंड्याचा शेकड्याचा भाव मोबाईलवर येतो आणि मालक तो वाचूनच चहा घेतो. श्रावणात भाव पडतो, थंडीत चढतो. २०२०च्या सुरुवातीला कोंबडीनं करोना होतो अशी अफवा उठली, तेव्हा लोकांनी पिल्लं खड्ड्यात पुरली. अफवेला विमा नसतो.

तरीही एक गोष्ट कबूल करावी लागते. अंडं गरिबाच्या आवाक्यात आलं ते या शेडांमुळं. १९८२ साली डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकारानं पोल्ट्रीवाले एकत्र आले, अंड्याचा रोजचा भाव सुचवणारी नॅशनल एग कोऑर्डिनेशन कमिटी उभी राहिली आणि भाव दलालाच्या हातातनं बराच सुटला. २०२३-२४ मध्ये देशात माणशी वर्षाला सुमारे १०३ अंडी पिकली. राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस १८० ची आहे. आणि ही १०३ सरासरी आहे, ती कुणाच्या ताटात दोनशे असते, कुणाच्या ताटात पाच.

(दृश्य: अंगणवाडी. वजनकाटा, भिंतीवर उंचीची पट्टी.)

२०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी निघाली. शंभरातली पस्तीस. आणि महाराष्ट्र हे काही गरीब राज्य नव्हे.

मग रोज एक अंडं दिलं तर? इक्वेडोरच्या डोंगराळ भागात सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना सहा महिने रोज एक अंडं देऊन पाहिलं. निष्कर्ष २०१७ साली आले: खुजेपण जवळपास निम्म्यानं कमी. जगभर बातमी झाली. मग तोच प्रयोग आफ्रिकेतल्या मलावीत, जास्त बाळांवर झाला. २०१९ साली कळलं की वाढीवर एकूणात काहीच फरक नाही. तिथली बाळं सरोवराकाठची, मासे आधीच खात होती. ती बातमी मात्र फारशी कुणी छापली नाही. ज्याच्या ताटात मासा, दूध, मटण काहीच नाही त्याच्यासाठी अंडं मोठं, एवढा अंदाज आपण त्यातनं बांधू शकतो. आटपाडीत सरोवर नाही.

आपल्याकडं नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातनं एक अंडं द्यायचं ठरलं. उकडलेलं, नाहीतर पुलाव, बिर्याणी. जे खात नाहीत त्यांना केळं. आठवड्यातनं एकदा का होईना, न तडकलेलं अंडं पोरांना मिळणार होतं. जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं सांगितलं की अंड्यासाठी वेगळा निधी मिळणार नाही, शाळा समितीनं लोकसहभागातनं करावं. लोकसहभाग म्हणजे कोण? आक्काच की. तमिळनाडूत शाळेतल्या पोरांना आठवड्याचे पाच दिवस अंडं मिळतं, हे इथं सांगितलं की लोक विचारतात, तिकडं काय सोन्याच्या कोंबड्या आहेत का?

(दृश्य: संध्याकाळ. वस्तीवर दोन बायका, हातात थर्मास.)

कोंबडी वाटप हा सोपा उपाय सगळ्यांनाच सुचतो. २०१६ साली बिल गेट्स यांनी गरीब देशांना एक लाख कोंबड्या द्यायचं जाहीर केलं. बोलिव्हियानं रागानं नको म्हटलं, आमच्याकडं ढीगभर आहेत. सांगली जिल्ह्याला तर कोंबडीच्या नावानं बसलेला चटका ताजा आहे. २०१९ साली इस्लामपुरात कडकनाथचा घोटाळा उघडकीस आला. काळी कोंबडी पाळा, अंडी आम्हीच भारी दरानं घेऊ, असं सांगून हजारो शेतकऱ्यांचे पैसे अडकवले गेले. आक्कांच्या भाच्याचं शेड अजून तसंच आहे. त्यात आता कडबा ठेवतात.

कोंबडी मिळणं अवघड नाही, ती जगवणं अवघड आहे. आक्कांचा अनुभव: बारा अंडी बसवली की नऊ-दहा पिल्लं निघतात. दोन घार नेते, एक बोका, एखादं पावसात जातं. आणि एखाद्या वर्षी मानमोडी येते. मान वाकडी होते, पंख लोंबतात, हिरवट परसाकडं होते, आणि चार दिवसांत वस्तीवरची सगळी खुराडी रिकामी. पुस्तकात हिचं नाव राणीखेत.

लस आहे, स्वस्त आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी पिल्लाच्या डोळ्यात किंवा नाकपुडीत लासोटा लशीचा एक थेंब, पुढं दोन महिन्यांच्या आत पंखाखाली सुई. अडचण बाटलीची आहे. बाटली शंभर पक्ष्यांची येते, आक्कांकडं पिल्लं नऊ. एकदा कालवली की ती तासा-दोन तासांत संपवायला हवी आणि तोवर थंड राहायला हवी. म्हणजे एका घराला लस परवडत नाही, अख्ख्या वस्तीला परवडते.

बांगलादेशात ब्रॅक या संस्थेनं गावोगावच्या बायकांनाच लस टोचायला शिकवलं. घरटी थोडे पैसे घ्यायचे. इथंही बचत गटाच्या दोघी तेच करतात, कोंबड्या खुराड्यात परतल्यावर. थर्मासमध्ये बर्फ, बर्फात बाटली. एकीनं पिल्लू मुठीत धरायचं, डोळा वर. दुसरीनं थेंब सोडायचा आणि पिल्लू पापणी मिटेपर्यंत थांबायचं. लगेच सोडलं तर ते डोकं झटकतं आणि थेंब दुसरीच्या साडीवर. दिवसा हे जमत नाही. दिवसा कोंबडीमागं पळणारी बाई वस्तीला तमाशा होते.

अकरा घरांपैकी नऊ तयार झाली. एका घरी म्हातारे माळकरी, पण त्यांनी अडवलं नाही. “खायचं न्हाई म्हणलंय मी, मारायचं कुटं म्हणलंय?” असं म्हणून बॅटरी त्यांनीच धरली. राहिली दोन घरं. एकाच्या कोंबड्या मागच्या साली लस देऊनही मेल्या होत्या. बाटली कुठंतरी उन्हात राहिली असणार, पण मेलेल्या कोंबडीपुढं हे कुणी सांगायचं?

(दृश्य: त्यानंतरच्या बाजाराची सकाळ. घमेल्याजवळ नऊ पिल्लं. आक्का अंडी मोजताहेत.)

आज तेरा अंडी. आक्का एकेक कानाशी धरतात. एक तडकलेलं. थोड्या वेळानं दुसरं. मग तिसरं. भेग प्रत्येकाला एकाच जागी, टोकाकडं.

आक्का नातवाकडं बघतात. नातू वहीत बघतो.

“कोंबडीला काय झालंय बाई हल्ली,” असं म्हणत आक्का तिन्ही अंडी चुलीपाशी ठेवतात आणि उरलेली दहा पाटीत भरायला लागतात.