दम कमी पडत नाही, पाय बुडतात

गोव्याच्या आयर्नमन ७०.३ या सलग तीन टप्प्यांच्या शर्यतीची तयारी करणारे बरेच दिसताहेत. १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर पळणं. यातलं सगळ्यात छोटं अंतर पोहण्याचं, आणि झोप उडवतं तेच! अर्धी मॅरेथॉन आरामात पळणारा माणूस तलावाच्या दोन फेऱ्यांत कठडा धरून धापा टाकतो आणि मला म्हणतो, “सर, स्टॅमिना वाढवायला हवा.” अहो, स्टॅमिना भरपूर आहे. तो पाण्याशी भांडण्यात जातोय.

पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट. त्यात वेग दुप्पट करायला गेलात की विरोध साधारण चौपट होतो आणि ताकद आठपट लागते. म्हणून जोर लावून हा प्रश्न सुटत नाही. अंग आडवं ठेवूनच सुटतो.

छातीत हवा असते, ती तरंगते. पाय जड, ते खाली जातात. पळणाऱ्यांचे तर विशेष, कारण अंगावर चरबी कमी आणि मांड्या भरलेल्या. त्यात डोकं वर काढलं की कंबर आणखी खाली. आपल्याकडे पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली मंडळी पुष्कळ. बुडण्याची भीती त्यांना नसते, पण मान वर ठेवायची सवय सुटता सुटत नाही. नजर तळाकडे ठेवा, श्वासाला मान उचलू नका, अंगासकट कुशीवर वळा.

दुसरी अडचण घोट्याची. पळताना ताठ घोटा कामाचा असतो, पाण्यात तोच आडवा येतो. किकबोर्ड, म्हणजे तरंगती फळी, धरून नुसते पाय मारायला सांगितले तर काही जण चक्क मागे सरकतात! तेव्हा लांब अंतराला पाय जोरात मारूच नका. दोन्ही हातांच्या मिळून एका फेरीला दोनच हलके फटके पुरेत; मांड्या सायकलसाठी राखा.

आणि श्वास पाण्यात सोडा. सोडला नाही तर कार्बन डायऑक्साइड साठतो, जीव घाबरतो, आणि त्यालाच आपण दम लागला म्हणतो.

दुखापतीत पळण्याऐवजी पोहून भागेल का, असं नेहमी विचारतात. हृदय-फुप्फुसांपुरतं भागतं. कमरेला तरंगता पट्टा बांधून खोल पाण्यात पळण्याची क्रिया केली तर पळण्याच्या आणखी जवळ जातं. मात्र पाण्यात नाडी जमिनीपेक्षा कमी लागते, तेव्हा पळतानाचे आकडे घड्याळात शोधत बसू नका. हाडांना मात्र पोहण्याने पुरेसा भार मिळत नाही. पोहूनच दिवस काढले असतील तर परतताना आधी चाला, मग थोडं थोडं पळा.

समुद्राचं खारं पाणी अंग थोडं जास्त उचलतं, तेवढी सवलत आहे. पण तिथे सरळ जायला तलावासारखी तळाला काळी रेघ नसते. दर आठ-दहा हातांनी फक्त डोळे पाण्याबाहेर काढून मार्ग दाखवणारा तरंगता बोया बघायचा आणि श्वास नंतर कुशीवरच घ्यायचा. हे तलावातच घोटून घ्या.