नेम धरायच्या आधी ताटाचा विचार करा

नमस्कार मंडळी. आज विषय मासेमारीचा आहे, पण गळाची नाही, जाळ्याची पण नाही, चक्क धनुष्यबाणाची. अमेरिकेत हा मोठा शौक आहे, बोफिशिंग म्हणतात त्याला. सपाट तळाची बोट घ्यायची, पुढच्या टोकाला उभं राहायचं, पाण्यात मोठा मासा दिसला की बाण सोडायचा आणि बाणाला बांधलेल्या दोरीनं ओढून घ्यायचा. माझा भाचा टेक्सासात डॅलसला नोकरीला आहे, कोल्हापूरच्या कसबा बावड्याचं पोरगं, इथं पंचगंगेवर गळ टाकून बसायचा, तिथं गेल्यावर ह्याचा नाद लागला आणि आता व्हिडिओ कॉलवर निम्मा वेळ हाच विषय असतो. त्याच्याकडून ऐकून, बघून आणि मग स्वतः शोधून वाचून जे कळलंय ते सांगतो, आणि जाता जाता आपल्या चढणीच्या माशांबद्दल पण बोलायचंय, ते माझ्या मनात बरेच दिवस आहे.

धनुष्य साधंच असतं हो, 40-50 पौंड ताकदीचं असलं तरी भागतं. बाण मात्र वेगळा. भरीव फायबरग्लासचा, जड, मागं पिसं नाहीत, टोकाला उलटे काटे, म्हणजे एकदा घुसला की सुटत नाही. दोरी धनुष्यावर बसवलेल्या रीळमधून येते आणि ती बाणाच्या शेपटाला थेट गाठ मारून बांधायची नाही, बाणावर मागंपुढं सरकणाऱ्या एका छोट्या कडीला बांधायची. हे एवढ्यासाठी सांगतोय की दोरी धनुष्याच्या दोरीत अडकली आणि बाण सुटला, तर तो ताणून उलटा मारणाऱ्याच्याच तोंडावर येऊ शकतो, जिवावर बेतायचं काम आहे. ती कडी असली की दोरी धनुष्याच्या पुढच्या बाजूला राहते. बारकी वस्तू, पण भाचा तिच्याशिवाय धनुष्य ओढत पण नाही.

आता नेम. मत्स्यवेधाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकलेली, अर्जुनानं खाली पाण्यात बघून वरच्या माशाचा डोळा फोडला. इथं मासा खालीच आहे, समोर दिसतोय, तरी दिसतो तिथं तो नसतोच. पाण्यातून बाहेर येताना प्रकाश वाकतो, म्हणून चार फूट खोल असलेला मासा अगदी वरून बघितला तरी तीन फुटांवर वाटतो, आणि तिरकं बघितलं तर फसगत अजून वाढते. तिथल्या लोकांचा एक ठोकताळा आहे, मासा आपल्यापासून 10 फुटांवर आणि 1 फूट खोल असेल तर दिसतो त्याच्या 4 इंच खाली मारायचं, खोली दुप्पट झाली की 8 इंच. नवखा माणूस हमखास माशाच्या वरून बाण घालवतो. साताऱ्याची अदिती स्वामी 2023 ला बर्लिनमध्ये 17 व्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाली, तेव्हापासून आपल्या भागात पोरंपोरी धनुष्य हातात धरायला लागलीत, मला फार आनंद वाटतो त्याचा, पण मैदानावरचा नेम पाण्यावर जसाच्या तसा चालत नाही हे खरं.

आणि आता जे मला मनापासून सांगायचंय ते. गळाला लागलेला मासा नको असेल तर सोडता येतो. जाळ्यातली बारकी पिल्लं परत टाकता येतात. बाण लागलेला मासा सोडता येत नाही, आरपार भोक पडलेलं असतं, तो बहुतेक मरणारच. म्हणजे हा मासा कुठला, किती मोठा, आपण खाणार का नाही, हे सगळं दोरी ओढायच्या आधी ठरवायला लागतं, आणि रात्री लाईट लावून बोटीवर गर्दी असली की नेमकं तेच होत नाही. अमेरिकेत बिगमाउथ बफेलो नावाचा मासा आहे, तोंडानं जरा कार्पसारखा, लोक त्याला कचरा समजून मारायचे आणि ढिगानं फेकून द्यायचे. 2019 ला शास्त्रज्ञांनी त्याच्या कानातल्या हाडाच्या रेघा मोजल्या तर एक मासा 112 वर्षांचा निघाला! म्हणजे आपले शाहू महाराज गादीवर असताना जन्मलेला मासा, आणि कुणीतरी एका सेकंदात मारून काठावर कुजायला टाकणार. मला हे वाचून खरंच वाईट वाटलं.

दुसरीकडं इलिनॉय नदीत सिल्व्हर कार्प आहे, चीनकडचा मासा, 1970 च्या दशकात तळी साफ ठेवायला आणलेला, पुरात सुटला आणि नदी व्यापून बसला. बोटीच्या आवाजानं पाण्याबाहेर उड्या मारतो, माणसांना लागतं. तो बाणानं मारा, कितीही मारा, फक्त खा. दोन्हींना एकच बाण लागतो, फरक मारणाऱ्याच्या डोक्यात पाहिजे.

आपल्याकडं मृगाचा पाऊस पडला की राधानगरी, गगनबावड्याकडं ओढ्याच्या पाण्यातनं मासे वर चढतात, भाताच्या खाचरात शिरतात, आणि मग रात्री बॅटरी आणि कोयता घेऊन सगळा गाव बाहेर पडतो. चढणीचा मासा म्हटलं की तोंडाला पाणी सुटतं, मला पण सुटतं, पण तो वर येतोय तोच मुळात अंडी घालायला. बॅटरीच्या उजेडात कोयता घातला की तो पण बाणासारखाच, परत सोडणं नाही. एक वेळची चव बघितली असेल तर पुरे, घमेली भरून आणून शेजारीपाजारी वाटायची काय गरज? निदान पहिल्या दोनचार रात्री त्यांना वर जाऊ द्या, असं मला अगदी कळकळीनं वाटतं. आणि खडस, म्हणजे आपला महसीर, तो तर कुठं दिसला तर हात जोडावेत. महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहात लोक त्याला देवाचा मासा म्हणून खायला घालतात, एवढी माया आपल्याच माणसांनी दाखवलेली आहे.

कुणी विचारेल, आपण रंकाळ्यावर नाहीतर पंचगंगेला धनुष्य घेऊन जाऊ का? नको भावा. घाटावर बायाबापड्या, पोहणारी पोरं, पाण्यावर आपटून बाण कुठं जाईल सांगता येत नाही. धरणातल्या, तलावातल्या मासेमारीचा ठेका सोसायट्यांकडं असतो, त्यावर भोई समाजाची घरं चालतात, आणि राधानगरीचा वरचा पट्टा तर अभयारण्य आहे. शिवाय उन्हाळ्यात पंचगंगेच्या तेरवाड बंधाऱ्याकडं घाण पाण्यानं मासे तडफडून वर येतात तेव्हाचा मासा फुकट दिला तरी घेऊ नका.

आता खायचं. भाच्यानं मध्ये ॲलिगेटर गार मारला, टेक्सासातला सगळ्यात मोठा गोड्या पाण्याचा मासा, तोंड मगरीसारखं, मोठा झाला की माणसापेक्षा लांब. तिथं बहुतेक ठिकाणी दिवसाला एकच मारता येतो आणि ट्रिनिटी नदीच्या मोठ्या पट्ट्यात चार फुटांवरचा मारायचा तर सरकारी सोडतीत नाव निघावं लागतं. ह्याचा साडेतीन फुटी होता. कॉलवर मी सगळं बघत होतो. सुरी चालतच नाही, खवले असले कडक की पोरगं पत्रा कापायची कात्री घेऊन बसलं, शेपटाकडं भोक पाडून पाठीवरून डोक्यापर्यंत कडकड आवाज करत कापत आणलं, मग दोन्ही हातांनी ते चिलखत बाजूला ओढलं. आत पांढरंशुभ्र घट्ट मांस, पाठीच्या दोन लांब पट्ट्या, काटा जवळपास नाहीच. बाण लागलेल्या जागेचं रक्त साकळलेलं मांस त्यानं आधी काढून टाकलं, ते ठेवलं तर सगळ्याला वास लागतो. तुकडे करून आईनं पाठवलेली कांदा-लसूण चटणी, आलं, लिंबू, वरून तांदळाचं पीठ, आणि तव्यावर.

कार्प मात्र काटेरी, आपल्या बाजारात सायप्रिनस मिळतो तसाच. त्याला पकडल्या पकडल्या रक्त काढून बर्फात ठेवायचा. बाजूची तांबूस काळपट रेघ कापून टाकायची, चिखलाचा वास कमी होतो, राहिलेला वास चिंचेच्या कोळात नाहीतर आमसुलाच्या पाण्यात अर्धा तास ठेवलं की जातो, आंबटानं तो वास मारणारा पदार्थच मोडतो. मग तुकड्याला सुरीनं अगदी जवळजवळ, दोन-तीन मिलिमीटरवर चिरा द्यायच्या, कातडीपर्यंत, पण कातडी कापायची नाही, आणि कडक तेलात तळायचा, बारके काटे कुरकुरीत होऊन खाल्ले जातात. ज्वारीच्या भाकरीबरोबर झकास लागतो.

त्या गारच्या पोटात गाबोळी, म्हणजे अंडी निघाली होती, हिरवट, भरपूर. आपण कोल्हापूरकर, गाबोळी दिसली की आधी तवा तापवतो, त्यानं पण विचारलं, मामा, ही तळू का? तर नाही. गारची अंडी विषारी असतात, माणसाला उलट्या-जुलाब होऊन हाल होतात, शिजवली म्हणून धोका जात नाही. तुमचं कुणी तिकडं असेल आणि गार खाणार असेल तर हे आजच फोन करून सांगा, मांस खा, अंडी हात न लावता पिशवीत बांधून टाका, कुत्र्यामांजराला पण घालू नका.