ओला टीशर्ट

(कळवा, मे महिना, दुपार. बाथरूममधली बादली.)

टीशर्ट बादलीत बुडवायचा, पिळायचा नाही, तसाच गळका अंगात घालायचा आणि पंख्याखाली बसायचं, सुकला की परत बादली. या घरात उन्हाळ्यात दिवसभर हेच चालू असतं. मुलगा 9 वर्षांचा आहे, नाव नाही सांगत. मागे जो क्रिकेटचा आरडाओरडा ऐकू येतोय तो आम्ही नंतर टाकलेला नाही बरं का, खाली खरंच मॅच चालू होती.

(केसांचा क्लोजअप, मग हसू.)

केस बघा, विरळ, भुरे, वाढता वाढत नाहीत. दात चारच, तेही सुळ्यासारखे टोकदार. लोक याच्याकडेच बघत बसतात, पण जिवावर बेततं ते वेगळंच, याला घामच येत नाही जवळपास, त्यामुळे अंग थंडच होत नाही. आता घाम न येणं कॅमेऱ्यात कसं दाखवणार, म्हणून डॉक्टरांना म्हटलं टेस्ट आमच्यासमोरच करा.

(टेस्ट. हा शॉट कापायचा नाही.)

तळहाताला आयोडीन लावलं, वाळू दिलं, वरून स्टार्चची पांढरी पावडर भुरभुरवली. घामाचा थेंब आला की तिथे निळा-काळा ठिपका उठतो. आधी आमच्या कॅमेरामनचा हात, तो ऐरोलीहून लोकलमध्ये चेंगरून आलेला, त्याच्या हातावर दोन मिनिटांत मिरपूड सांडली. आता मुलाचा हात. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पावडर आहे तशीच.

आजाराचं नाव हायपोहायड्रॉटिक एक्टोडर्मल डिस्प्लेझिया. पोटातल्या बाळाचा जो सगळ्यात बाहेरचा थर असतो त्यातूनच केस, दात, घामाच्या ग्रंथी घडतात, आणि इथे केस उगवू दे, इथे दात, असा निरोप देणारं एक प्रोटीन असतं, ते बनवतो ईडीए नावाचा जीन. तो बिघडला की निरोपच पोचत नाही. जीन सापडला 1996 साली, पण आजार जुना आहे, 1875 मध्ये डार्विनने सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाबद्दल लिहून ठेवलंय, चार पिढ्यांतले दहा पुरुष, दात मोजकेच, अंगावर केस अगदी कमी, उन्हाळ्यात कातडी कोरडी पडून हाल. मुलींना काही नाही, पण त्यांच्या मुलग्यांमध्ये परत तेच!

आपल्या अंगात 20 ते 40 लाख घामाच्या ग्रंथी असतात आणि त्या जन्माआधीच तयार होतात. म्हणून जर्मनीत 2016 मध्ये डॉक्टरांनी जुळी बाळं पोटात असतानाच गर्भजलात ते प्रोटीन सोडलं, आणि जन्मल्यावर त्या मुलांना चक्क घाम यायला लागला. या मुलासाठी ती वेळ केव्हाच गेली.

(जुनी फाइल, रिपोर्ट.)

पहिलं वर्ष नुसतं तापात गेलं, अँटिबायोटिक, रक्त तपासा, परत ताप. दोन हॉस्पिटलं झाली. दीड वर्षाचा झाला तरी दात नाही म्हणून डेंटिस्टकडे नेला, तर त्या मॅडमनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, याला घाम येतो का हो? असा सारखा तापणारा, विरळ केसांचा मुलगा आला तर एवढा एक प्रश्न विचारायला काय जातं!

(लॅब. कवळी.)

ही त्याची कवळी. जबडा वाढतो तशी नवीन करावी लागते, ही तिसरी.

शाळेत शूटिंगला परवानगी मिळाली नाही. ओला टीशर्ट वर्गात चालत नाही एवढं कळलं.

(आईची पाठ, आरसा.)

मग आई म्हणाली, माझीही टेस्ट करा. ईडीए जीन असतो एक्स क्रोमोझोमवर. पुरुषांमध्ये एक्स एकच, बायकांमध्ये दोन, एकावरचा जीन बिघडला तर काही पेशी त्याच्यावर चालतात, काही चांगल्यावर. म्हणून पाठीवर हे काळे पट्टे आणि मधेमधे कोरे.

बराच वेळ मान वळवून आरशात बघत होती. मग म्हणाली, "मला कायम वाटायचं, बरंय बाई, आपल्याला घाम कमी येतो."