दीपगृहाची लय

श्रोतेहो, नमस्कार.

निफाड-दिंडोरीची द्राक्षं कंटेनरमध्ये भरून न्हावा-शेवाहून परदेशी निघतात, तेव्हा मुंबई बंदराच्या तोंडाशी जहाजाच्या उजव्या हाताला कुलाब्याच्या टोकाचं प्राँग्स दीपगृह असतं आणि डाव्या हाताला, दूर दक्षिणेला, खांदेरी. महाराजांनी १६७९ मध्ये इंग्रजांच्या नाकावर टिच्चून खांदेरीवर किल्ला बांधायला घेतला. त्याच बेटावर १८६७ मध्ये दिवा लागला. आज त्याला कान्होजी आंग्रे यांचं नाव आहे. प्राँग्स १८७५ चं, थेट खडकांवर उभं.

किनाऱ्यावर रात्री हजार दिवे दिसतात. त्यांतला दीपगृहाचा कोणता आणि तो कुठल्या दीपगृहाचा, हे ओळखता आलं नाही तर तो कितीही प्रखर असून उपयोग शून्य. म्हणून प्रत्येक दीपगृहाची लय ठरलेली असते आणि सागरी नकाशावर ती छापलेली असते.

जुन्या पद्धतीत दिवा स्वतः मिचमिचत नसे. तो मधोमध एकसारखा जळे आणि भोवती भिंग फिरे. फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्याने १८२२ च्या सुमारास लोलकांची कडी रचून हे भिंग तयार केलं. त्याला तीन तोंडं असली आणि फेरीला ३० सेकंद लागले, की दर १० सेकंदांनी एक झोत. मोठ्या भिंगाचं वजन टनांत. ते हलकं फिरावं म्हणून पाऱ्यावर तरंगत ठेवत. फिरवायला साखळीला टांगलेलं वजन, आणि ते उतरत आलं की रखवालदाराने पुन्हा चावी द्यायची. पाऱ्यात मळ साचला की भिंग जड चालतं. फेरी ३६ सेकंदांवर गेली तर झोत १२ सेकंदांनी येतो, आणि जहाजावरचा अधिकारी भलतंच दीपगृह समजून वळण घेतो! शिवाय पाऱ्याची वाफ विषारी, तीही बंद खोलीत.

भिंगाच्या मधोमध जळणारी रॉकेलची बत्ती मात्र आपल्या ओळखीची. लग्नाच्या वरातीतली पेट्रोमॅक्स आठवा: आधी स्पिरिटने नळी तापवायची, मग हवा भरायची, मग मेंटल पांढरं पेटतं. नळी नीट तापण्याआधी रॉकेल सोडलं तर त्याची वाफ होत नाही. पिवळी ज्योत भडकते आणि काजळी भिंगावर बसते. मग सकाळभर पुसत बसा. दिवसा पडदे ओढायचे, कारण भिंग उलट्या बाजूनेही काम करतं: ऊन एकवटून थेट बत्तीवर पडतं.

आता वीज आहे, एलईडी आहेत, जहाजांवर जीपीएस आहे. पण जीपीएसचा संदेश क्षीण असतो, तो जॅम करता येतो. दीपगृहाची दिशा होकायंत्राने घेतली की पडताळणी होते. दिवा किती दूरवरून दिसेल, याचाही हिशेब आहे: दिव्याची समुद्रसपाटीपासूनची उंची आणि डोळ्याची उंची, दोन्ही मीटरमध्ये घेऊन वर्गमुळं काढा, बेरीज करा, २.०८ ने गुणा. ४९ आणि ९ मीटर असतील तर ७ अधिक ३, म्हणजे जवळपास २१ सागरी मैल. त्यापलीकडे पृथ्वीचा बाकच आड येतो.

अलिबागला किंवा रत्नागिरीला गेलात तर रात्री घड्याळ लावून बघा. काही दीपगृहांचे झोत लागोपाठ दोन-तीनच्या गटाने येतात; तिथे एका गटातल्या पहिल्या झोतापासून पुढच्या गटातल्या पहिल्या झोतापर्यंत मोजायचं. बरेच जण फक्त मधला अंधार मोजतात आणि आकडा कमी भरतो.