कूलरवरचं नाव

(सकाळ. नंदनवनमधली एक गल्ली. अर्धवट वर केलेलं शटर. आत ठिणग्या.)

फेब्रुवारी संपायला आला की नागपूरच्या गल्ल्यांमधून पत्रा कापल्याचा आवाज यायला लागतो. रात्री अजून दुलई लागते, पण ह्या शटरमागे मे महिना सुरू झालेला आहे. खाली पत्र्याची टाकी, तीन बाजूंना ताट्या, वर पाणी झिरपवणारा पाट, पोटात पंप आणि पुढे पंखा. कुठल्या कंपनीचा शिक्का नसलेला हा कूलर विदर्भात घरोघरी दिसतो. 23 मे 2013 ला नागपुरात पारा 47.9 अंशांवर गेला होता. त्या दिवसाबद्दल इथं कुणालाही विचारा, आधी कूलरचीच गोष्ट निघते.

(ताटीत लाकडाचा कीस दाबून भरणारे हात.)

हे हात आहेत बत्तीस वर्षांच्या मालकाचे. बाप हातगाडीवर ताट्या घेऊन फिरायचा, "ताटी बदलवून घ्याऽऽ" म्हणत. पोरानं डिप्लोमा केला, वेल्डिंग मशीन घेतलं, चार माणसं ठेवली. त्याचं नाव आम्ही सांगणार नाही. ती त्याचीच अट.

"नाव टाकलं का लोक म्हनतीन, पुन्हा तिकीट मांगून राहिला." मग थोडं थांबून, "मांगनार तर आहोच. पन आत्ता नको."

ह्या दुसऱ्या वाक्यामुळे आम्ही कॅमेरा बंद केला नाही.

(मोठ्या सरकारी दवाखान्याचा व्हरांडा. रात्र. रांगेनं झोपलेली माणसं.)

2023 च्या उन्हाळ्यात त्याचे वडील एका सरकारी दवाखान्यात भरती होते. हा बाहेरच्या व्हरांड्यात झोपायचा. शेजारी गडचिरोलीचं कुटुंब, पलीकडे गोंदियाचं, भिंतीला टेकून बसलेले शिवनी आणि बालाघाटचे लोक. नागपूरच्या दवाखान्यांत पेशंट तीन राज्यांतून येतात, आणि प्रत्येक पेशंटमागे दोन-तीन नातेवाईक. पेशंटला खाट मिळते. नातेवाइकाला फरशी, तीही मध्यरात्रीपर्यंत तापलेली.

वडील घरी आल्यावर त्यानं त्या व्हरांड्याला चार कूलर दिले. चारही कूलरवर पिवळ्या पट्टीत लाल अक्षरांनी स्वतःचं नाव, खाली पक्षाचं नाव, त्याखाली 'सौजन्याने'. वरिष्ठ नेत्याच्या हातून फीत कापली. फोटो निघाले, रात्री स्टेटसला लागले.

आठ दिवसांनी तो सहज बघायला गेला. दोन कूलर कोरडे. एकाचा पंप कोरडा चालून जळालेला.

कूलरचं शास्त्र सोपं आहे. बाहेरची कोरडी हवा ओल्या ताटीतून आत ओढली जाते, ताटीतलं पाणी उडून जाताना हवेतली उष्णता घेऊन जातं, हवा गार होते. म्हणून तो नागपूरच्या कोरड्या मे महिन्यात जीव वाचवतो आणि पाऊस पडल्यावर नुसता चिकचिकाट करतो. पण ताटी सुकली की तो फक्त पंखा उरतो, आणि नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांच्या, दुपारी तो पंखा माणसाच्या अंगावर बाहेरची झळ फेकत बसतो. टाकी दिवसातून दोनदा तरी भरायला लागते. भरणार कोण? सफाईवाला म्हणाला, माझं काम नाही. नातेवाईक पेशंटला सोडून बादल्या वाहू शकत नाहीत. नळ एक मजला खाली.

तिथंच बसलेल्या एका म्हातारीनं त्याला ओळखलं. फीत कापताना बघितलेलं होतं.

"नाव लय मोठ्ठं लिवलं बाबू," ती म्हणाली. "पानी कोन टाकते?"

हा प्रसंग त्यानं आम्हाला दोनदा सांगितला. दुसऱ्यांदा सांगताना तो पाना हातात घेऊन उगाच एक बोल्ट आवळत होता. तो बोल्ट आधीच आवळलेला होता.

(जवळून: टाकीच्या आत तरंगणारा फुगा, भरल्यावर आपोआप बंद होणारा नळ.)

पुढच्या हंगामात त्यानं नवीन कूलर दिला नाही. अर्ध्या इंचाचा पाइप खालच्या नळापासून वर आणला. त्याच्या परवानगीला जेवढे दिवस लागले तेवढ्या दिवसांत दहा कूलर बनले असते, असं तो म्हणतो. प्रत्येक टाकीत बॉल व्हॉल्व्ह बसवला. कारखान्यातल्या एका पोराला हंगामाचे चार महिने रोज सकाळी तिथं पाठवायला लागला. ताटीवरचे क्षार धुवायचे, पंपाची जाळी झाडायची, अर्थिंग तपासायचं. हे शेवटचं महत्त्वाचं. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या ओल्या पत्र्यातून शॉक लागून माणसं जातात. टाकीला हात लावायच्या आधी प्लग काढायचा, हे तो त्या पोराला अजूनही रोज बजावतो. पोरगा अजूनही रोज वैतागतो.

ह्या कामाची फीत कुणी कापली नाही. बॉल व्हॉल्व्हचा फोटो काढायला नेता येत नाही.

(राखाडी रंगाचा पट्टा. त्याखाली काहीतरी लिहिलेलं.)

मग 16 मार्च 2024 ला लोकसभेची आचारसंहिता लागली. नागपूरचं मतदान 19 एप्रिलला होतं. म्हणजे ऐन उन्हाळा सुरू होताना शहरातल्या प्याऊंवरची, बाकांवरची, फलकांवरची नावं झाकायला लागली. ह्यानं कूलरवरच्या नावावर खाकी कागद चिकटवला. ओल्या पत्र्यावर कागद किती टिकणार? दोन दिवसांत सुटला. दवाखान्यातून फोन आला. शेवटी त्यानं राखाडी ऑइल पेंटचा डबा नेला आणि चारही नावं पुसून टाकली.

निकाल लागले, आचारसंहिता संपली. नाव पुन्हा लिहिलं नाही. का, असं विचारलं तर म्हणतो, "पेंटर महाग झाला."

पण ह्याला संत करायची घाई नको. त्याच्या प्रभागातल्या देवळाबाहेर आणि समाजभवनात जे कूलर आहेत, त्यांच्यावर त्याचं नाव आजही ठसठशीत आहे. पक्षातल्या एका जुन्या माणसानं त्याला समजावलं होतं, "दवाखान्यातले लोक आपले मतदार नाही. गडचिरोलीचा मानूस तुले काय मत देईन? प्रभागात लाव." हिशेब बरोबर होता. त्यानं प्रभागात लावले. दवाखान्यातलेही काढले नाहीत.

(महापालिकेचं झोन कार्यालय. हातात अर्ज.)

नागपूर महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, आणि पुढची जवळपास चार वर्षं शहराचा कारभार प्रशासकाकडे होता. नगरसेवक नव्हते, पण तुंबलेली गटारं होती, बंद पडलेले पथदिवे होते. लोक जाणार कुणाकडे? गल्लीत ज्याचं शटर सकाळी सातला उघडतं त्याच्याकडे. झोन कार्यालयात अर्ज घेऊन जायचं, पोच घ्यायची, आठवड्यानं पुन्हा जायचं. शहरातली कितीतरी तरुण पोरं ह्याच चार वर्षांत राजकारणात घडली, कुणी निवडून न देता.

निवडणूक लागली तेव्हा त्याला वाटलं, तिकीट आपलंच. मिळालं दुसऱ्याला. त्यानं अपक्ष अर्ज भरला, चिन्ह आलं कपबशी. 151 जागा, 38 प्रभाग, बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे. 2011 च्या जनगणनेतली साधारण 24 लाख वस्ती वाटली तर एका प्रभागात साठ हजारांवर माणसं येतात. मतदाराला अ, ब, क, ड अशी चार बटणं दाबायची असतात, आणि पक्षाचा कार्यकर्ता त्याला वरून खालपर्यंत एकच चिन्ह दाबायला शिकवून ठेवतो. त्या रांगेत एकटी कपबशी शोधायला मतदाराला थांबावं लागतं. थांबतो कोण?

आणि तारीख होती 15 जानेवारी 2026. लोक शेकोटीवरून उठून मतदानाला आले. कूलर माळ्यावर, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले.

"मे महिन्यात मतदान असतं तर भाऊ लागला असता," त्याचा वेल्डर म्हणतो. मालक आवाज न करता हसतो आणि ग्राइंडर सुरू करतो.

निकालानंतर तिसऱ्या दिवशी तो पुन्हा एका गटाराचा अर्ज घेऊन झोनमध्ये गेला होता. आता तिथं नगरसेवक आहेत. हा विरोधात लढलेला आहे. त्याला अर्जाची पोच मिळाली, खुर्ची मिळाली नाही.

(छोट्या हत्तीच्या मागच्या फळीवर चार जुने कूलर, दुरुस्तीसाठी उतरवलेले.)

हंगामाआधी दवाखान्यातले चारही कूलर कारखान्यात येतात. जुन्या ताट्या काढून फेकल्या आहेत. टाकीच्या तळाला पांढऱ्या क्षारांचा जाड थर बसला आहे, तो छिन्नीनं निघतो. एका कूलरच्या बाजूचा राखाडी रंग पोपडे धरून सुटला आहे आणि खालून पिवळी पट्टी दिसते आहे, तिच्यावर नावाची पहिली दोन लाल अक्षरं.

पोरगा पॉलिश पेपर घेऊन उभा राहतो. "भाऊ, हे पूर्ण घासू का? का नवीन लिवायचं?"

मालक टाकीत वाकलेला आहे. आतूनच त्याचा आवाज येतो.

"आधी पंप पाह्य."