क्लच गेला म्हणण्याआधी

मंडळी, समोर वडापवाले ड्रायव्हर बसलेत, बेळगाव-खानापूरच्या गॅरेजात शिकणारी पोरं आहेत, आणि घरची जुनी मारुती 800 किंवा ओम्नी अजून जपणारी माणसंही आहेत. सगळ्यांनाच एक विनंती. क्लच प्लेट बदलायची तर गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो, आणि तो एकदा उतरला की मजुरी लागलीच. म्हणून पाना हातात घेण्याआधी दोष कुठं आहे ते ठरवा. "क्लच गेला" म्हणून थेट किट मागवणं याला मी निदान मानत नाही.

मुख्य तक्रारी दोन, आणि त्या एकमेकींच्या अगदी उलट. क्लच धरत नाही, म्हणजे इंजिनाची ताकद चाकापर्यंत पुरी पोचत नाही, किंवा क्लच सुटत नाही, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं होत नाही. गिऱ्हाईक दोन्हीला एकाच नावानं बोलवतं, तेव्हा नेमकं काय होतं ते त्याच्याकडून काढून घ्या.

धरत नसेल तर ते चढावर कळतं. गोव्याहून येताना चोर्ला घाटात किंवा हायवेला वंटमुरीच्या चढावर ॲक्सिलेटर दाबला, इंजिनाचा आवाज चढला आणि गाडीचा वेग आहे तिथंच राहिला, तर क्लच स्लिप होतोय. पाठोपाठ जळका वासही येतो. उसाच्या ट्रॉलीमागं हाफ क्लचवर सरकत राहायची सवय असेल तर ही पाळी लवकर येते. तपासायचं तर मोकळ्या जागी, समोर कुणी नसताना, हँडब्रेक ओढा, ब्रेक दाबून धरा, चौथा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडलं पाहिजे. चालूच राहिलं तर क्लच घसरतोय. पुन्हापुन्हा करू नका, उरलीसुरली प्लेटही जळेल.

तरीही लगेच प्लेटला दोष देऊ नका. पेडल हातानं दाबा. केबलच्या गाडीत साधारण 15 ते 25 मिलिमीटर पेडल मोकळं जायला हवं, मग वजन लागायला हवं. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात बघा. प्लेट झिजत जाते तशी ही मोकळीक कमी होत जाते. ती संपली की रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग, प्रेशर प्लेटच्या बोटांवर, म्हणजे क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या स्प्रिंगच्या टोकांवर, सतत टेकून राहतं, दाब कमी पडतो आणि शाबूत प्लेटसुद्धा घसरते. तिथं ॲडजस्टिंग नटाच्या चार फेऱ्यांत काम होतं. तेवढ्यासाठी गरीब माणसाचा गिअरबॉक्स उतरवणं मला पटत नाही.

आता सुटत नसेल तर. रिव्हर्स टाकताना कर्रकन आवाज येतो, पहिला गिअर अडतो. इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून बघा. बंद असताना सहज पडतात आणि चालू असताना अडतात, तर दोष क्लचकडे. बंद असतानाही अडतात, तर लिंकेज, म्हणजे गिअरच्या दांड्याची जोडणी, किंवा गिअरबॉक्स बघा. इतकी साधी परीक्षा, पण करायचं कुणाच्या ध्यानात येत नाही. मग केबलच्या पेडलकडच्या टोकाला टॉर्च मारून बघा. एकेक तार तुटून पिंजलेली दिसली तर घाटात तुटायच्या आत बदला. सुमोसारख्या हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, क्लचच्या गाडीत पेडल दोन-तीनदा पंप केल्यावर गिअर पडत असेल, तर लाईनमध्ये हवा आहे किंवा सिलिंडरचं रबर गेलंय. गिअरबॉक्सकडच्या छोट्या सिलिंडरचं, म्हणजे स्लेव्ह सिलिंडरचं, रबरी टोपण उचला. आत ओल दिसली तर गळती तिथंच आहे.

जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात महिनोन्महिने उभी राहिलेली गाडी वेगळी. तिथं पेडल ठीक, केबल ठीक, पण प्लेट गंजून फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाच्या मागच्या जड चाकाला, चिकटलेली असते. ती न उतरवताही बऱ्याचदा सुटते, म्हणून गाडी किती दिवस उभी होती हे विचारल्याशिवाय हात लावू नका.

आवाजाचं थोडक्यात. पेडल दाबल्यावर घरघर आली तर रिलीज बेअरिंग. न्यूट्रलमध्ये पाय वर असताना येते आणि दाबल्यावर थांबते, तर संशय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर. सुटताना गाडी थरथरत असेल तर आधी इंजिनाचं माउंटिंग बघा.

एवढं करून उतरवायचंच ठरलं, तर प्लेटवर तेल आहे का ते पाहा. काळं तेल इंजिनाच्या मागच्या सीलमधून येतं. गंधकासारखा उग्र वास असेल तर ते गिअर ऑइल. सील न बदलता नवी प्लेट बसवली तर तीही तेलात जाईल. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा केसासारख्या भेगा दिसल्या तर उद्यमबागेत लेथवर दाखवून घ्या. आणि पोरांनो, आतली काळी धूळ हवा मारून उडवू नका. जुन्या प्लेटींच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकतं, आणि ते फुप्फुसात बसलं की निघत नाही. मास्क लावा, ओल्या फडक्यानं पुसा, आणि ते फडकं पिशवीत बांधून टाका.