दोरा बांधलेलं फूल

नमस्कार श्रोतेहो. दसरा झाला, सोनं लुटून झालं. दारावरची झेंडूची तोरणं आता वाळायला लागलीत, पण परसात आणि कुंड्यांत झेंडू, झिनिया, कॉसमॉस अजून फुलताहेत. आज बोलणार आहे कोमेजलेल्या फुलांबद्दल. कुठलं फूल खुडायचं आणि कुठलं बियाण्याला ठेवायचं, एवढाच विषय.

झाड फुलतं ते बी धरण्यासाठी. देठावर बी भरायला लागलं की त्याचा जोर तिकडं वळतो आणि नव्या कळ्या कमी होतात. कोमेजलेलं फूल वेळच्या वेळी काढलं, की झाड पुन्हा कळ्या काढतं. मात्र नुसत्या पाकळ्या ओरबाडून भागत नाही. पाकळ्यांखाली हिरवी वाटी असते, बी भरतं ते तिथं. ती वाटी राहिली तर काहीच साधलं नाही. खालच्या पानांच्या जोडीपर्यंत देठासकट खुडा. पुन्हा सांगतो, वाटीसकट, देठासकट, पानांच्या जोडीपर्यंत. सदाफुली आणि जास्वंदीची फुलं आपोआप गळतात, तिथं हात लावायची गरज नाही.

पण सगळंच खुडलं तर पुढच्या वर्षी पेरायचं काय? याचं उत्तर मला माझ्या आत्यानं दिलं.

आत्या शिवाजी पेठेत राहायची. जुनं घर, मागं लांबट परस, विहिरीच्या कडेनं झेंडूची रांग. भाद्रपदात पहिला बहर आला की आत्या रांगेतनं हिंडायची. झाड कुठलं जोमदार आहे, फूल कुठलं गच्च आहे, रंग कुणाचा गडद आहे, सगळं बघायची आणि निवडक फुलांच्या देठाला लाल दोरा बांधायची. दोऱ्याचं फूल तोडायचं नाही. बाकीची देवाला, वेणीला, शेजारणीला, आणि कोमेजली की खुडून टाकायची. घरात सगळ्यांना हे पाठ होतं.

दसऱ्याला जवळच्या तालमीतली पोरं तिच्याकडनं फुलं न्यायची. मारुतीला मोठा हार व्हायचा, गदेला छोटा. एका वर्षी आलेला पोरगा नवा होता. अंधारातच आला, पाटीभर फुलं तोडली. लाल दोऱ्याची फुलं बघून त्याला वाटलं, हारात ओवायला सोपं जावं म्हणून आत्यानं आधीच दोरे बांधून ठेवलेत. तीही सगळी तोडली!

आत्या उजाडल्यावर परसात गेली आणि तशीच तालमीकडं निघाली. मी मागं. ती आत गेली नाही, दारात उभी राहिली आणि वस्तादांना हाक मारली. वस्ताद बाहेर आले. अंगाला तांबडी माती, खांद्यावर पंचा.

आत्या म्हणाली, “वस्ताद, माझ्या दोऱ्याची फुलं तुमच्या पोरानं आनली.”

“आक्का, फुलंच ती. येतील की दुसरी.”

“फुलं येतील. बी कुठनं येणार? पहिल्या बहराची हुती ती.”

वस्तादांनी मान वळवून आत बघितलं. हार मारुतीच्या गळ्यात होता, लाल दोरे दारातनंसुद्धा दिसत होते. तो पोरगा कोपऱ्यात अंग चोरून उभा. वस्ताद म्हणाले, “काढून देऊ?”

आत्या म्हणाली, “देवाच्या गळ्यातलं काढतात व्हय? राहू दे. पन निर्माल्य झालं की पाण्यात सोडू नका. सावलीत टांगा, वाळलं की आनून द्या.”

वस्तादांनी शब्द पाळला. हार खिडकीजवळच्या खुंटीला टांगला आणि दिवाळी झाल्यावर त्याच पोराच्या हातनं पाठवला. आत्यानं परातीत कागद पसरला आणि एकेक फूल चोळायला घेतलं. झेंडूचं बी सुईसारखं असतं, खालून काळं, वर फिकट शेपूट. साध्या फुलांचं बी तिनं तळहातावर घेऊन फुंकर मारली, जवळजवळ सगळं उडून गेलं. पोचट. ऐन भरात तोडलेलं फूल ते, दाणा भरायला वेळच मिळाला नव्हता. मग दोऱ्याची फुलं चोळली, फुंकर मारली. शेपटाचा भुसा उडाला आणि काळ्या सुया तळहातावर तशाच राहिल्या. ती फुलं तोडायच्या आधीच झाडावर उतरणीला लागली होती, म्हणून वाचलं बियाणं. तिनं त्या पोराला पाटावर बसवून ते दाखवलं. पुढच्या भाद्रपदात दोरा बांधायला तो आपणहून आला, आणि मग दरवर्षी येत राहिला.

आता फुलांचा विषय निघालाय म्हणून बोलतो. पहाटे फिरायला निघून दुसऱ्याच्या कुंपणातली फुलं पिशवीत भरणारी माणसं आपल्या प्रत्येक कॉलनीत आहेत. देवाला वाहायची म्हणून तोडली तरी ती चोरीच. दार वाजवा, मागा, कुणी नाही म्हणत नाही. आणि दाराला प्लास्टिकचं झेंडूचं तोरण तर लावूच नका. ज्याच्यातनं बी मिळत नाही, ते तोरण कसलं?

असो. आता बियाण्याचं. दोऱ्याचं फूल झाडावरच वाळू द्या. खालची वाटी तपकिरी, खडखडीत झाली की कोरड्या दिवशी, दव वाळल्यावर काढा. सावलीत वाळवा, चोळा, फुंकर मारा, कागदाच्या पाकिटात भरा. प्लास्टिकच्या पिशवीत दमट राहिलं तर बुरशी येते. पाकिटावर नाव आणि वर्ष लिहा. दुकानातनं आणलेलं संकरित वाण असेल, तर त्याच्या बियाण्यातनं हुबेहूब तसंच फूल येत नाही, उंची आणि रंग वेगवेगळे निघतात. देशी वाणाचं बी धरा, त्यातही जवळ दुसऱ्या रंगाचा झेंडू असेल तर मधमाश्या मिसळ करणारच. आषाढात पेरा, दसऱ्याला फुलं हाताशी येतील. पुन्हा सांगतो, झाडावर वाळू द्या, सावलीत वाळवा, कागदात ठेवा.

तेरड्याचं मात्र वेगळं. गौरीला आपण तेरडा घरी आणतो, पण त्याचं बी धरणारे थोडे. त्याचं बोंड पिकलं की बोट लागताच फुटतं आणि दाणे चहूकडं उडतात. म्हणून बोंड फुगून पिवळट दिसायला लागलं, की आधी त्याच्याभोवती मूठ धरायची आणि मगच दाबायचं. दाणे मुठीतच राहतात. पावसानं उघडीप दिलीय, बोंडं तयार आहेत, उद्या सकाळीच बघा. नमस्कार.